बियांची देवघेव आणि देणाऱ्याची पत

जगातील बहुतेक देवघेवींत वस्तू देणाऱ्याच्या हातून जाते आणि घेणाऱ्याच्या हाती येते, त्याच वेळी उभयतांचा हिशेब पुरा होतो, आणि माल खरा की खोटा याची परीक्षाही घेणाऱ्याला जागच्या जागी, डोळ्यांनी पाहून, हातात तोलून अथवा जिभेवर ठेवून करता येते. बियांची देवघेव या सामान्य नियमाला दोन्ही बाजूंनी अपवाद आहे. एका मध्यम आकाराच्या पिकल्या टोमॅटोत शंभरावर बिया सहज निघतात, अशा सुमारे तीनशे बियांचे वजन जेमतेम एक ग्रॅम भरते, आणि परसात आठ-दहा रोपे लावणाऱ्या गृहस्थाला पुढच्या हंगामासाठी पंधरा-वीस बिया पुरून उरतात. तेव्हा राहिलेल्या बिया दुसऱ्याला देऊन टाकल्याने देणाऱ्याचे काहीच उणे होत नाही, उलट त्याच्याकडचे वाण एखाद्या वर्षी करप्याने अथवा अतिवृष्टीने बुडाले, तर ते परत मागता येईल असे एक घर त्याला मिळते. दुसरा अपवाद घेणाऱ्याच्या बाजूचा आहे. कागदाच्या पुडीतून आलेल्या त्या चपट्या, किंचित लवदार, पिवळट बियांकडे कितीही निरखून पाहिले, तरी त्यांतून उगवणारे फळ लाल असेल की काळपट जांभळे, बोराएवढे असेल की अर्ध्या किलोचे, याचा काडीचाही सुगावा लागत नाही. बी पेरावे, रोप वाढवावे, त्याला काठीचा आधार द्यावा, फुलोरा आणि फळधारणा होईपर्यंत तीन-चार महिने वाट पाहावी, तेव्हा कोठे देणाऱ्याच्या शब्दाची सत्यासत्यता ठरते. आणि ती असत्य ठरली, तर हंगाम गेलेला असतो.

म्हणून या व्यवहाराला प्रथम लागते ती देणाऱ्याची पत. हुंडी खरी की खोटी हे मुदत भरल्यावरच कळायचे आणि तोवर तिच्यावरच्या सहीकडे पाहूनच पैसे मोजावे लागायचे, तसेच बियांच्या पुडीचेही आहे. परंतु नवल असे की, ही पत केवळ देणाऱ्याच्या सचोटीवर अवलंबून राहत नाही. टोमॅटो आणि मिरची ही दोन्ही वांग्याच्या कुळातली, दोन्ही अमेरिका खंडातून सोळाव्या शतकात जगभर पसरू लागलेली, आणि दोन्ही परसबाग करणाऱ्यांच्या विशेष आवडीची. तरीही एकाच गृहस्थाने, एकाच वाफ्यातून, सारख्याच प्रामाणिकपणाने या दोहोंचे बी पाठवले, तर त्याचा टोमॅटो बिनतक्रार पेरावा आणि मिरचीविषयी मात्र त्याला चार प्रश्न विचारावेत, असा जाणत्यांचा सल्ला असतो. या भेदाचे कारण त्या दोन झाडांच्या फुलांच्या रचनेत सापडते, आणि ते समजून घेतल्यावाचून बियांच्या विनिमयातले रीतिरिवाज उमगत नाहीत.

बियांची देवघेव शेतीइतकीच जुनी असली, तरी तिला रीतसर दफ्तरी स्वरूप येण्याचे जे प्रसंग आले, त्यांतला अमेरिकेतला प्रसंग विशेष बोधप्रद आहे. त्या देशात एकोणिसाव्या शतकापासूनच बियाण्यांच्या कंपन्या सचित्र सूचिपत्रे छापून टपालाने बी विकू लागल्या होत्या. पण विकतचे बी एकदा आणले की पुढच्या वर्षी घरचे धरता येई, आणि त्यामुळे दुकान व परसबाग यांचे परस्परांशी फारसे वैर नव्हते. १९४९ साली बर्पी कंपनीने ‘बिग बॉय’ नावाचा संकरित टोमॅटो बाजारात आणला. मोठे फळ, भरघोस उत्पन्न, जोमदार वाढ हे त्याचे गुण खरेच होते. परंतु दोन भिन्न वाणांच्या संकरातून निघालेल्या त्या पहिल्या पिढीचे बी धरून पेरले, तर दुसऱ्या पिढीत आजी-आजोबांचे गुण नाना प्रकारांनी विखरून बाहेर पडतात आणि मूळच्यासारखे झाड नियमाने मिळत नाही. परिणामी बी धरण्याची सवयच हळूहळू सुटत गेली, सूचिपत्रांतून जुने सरळ वाण गळू लागले, आणि जे वाण कंपन्यांनी कधीच विकले नव्हते, केवळ घराण्यांतून वारशाने चालत आले होते, त्यांची तर कोठे नोंदही नव्हती.

डायान ऑट व्हीली यांच्या आजोबांकडे असे दोन वाण होते. एक जांभळ्या फुलांची वेल आणि दुसरा ‘जर्मन पिंक’ नावाचा मोठा गुलाबी टोमॅटो. त्यांचे पूर्वज १८८३ साली बव्हेरिया सोडून आयोवा राज्यात वस्तीला आले, तेव्हा हे बी सामानाबरोबर आले होते. आजोबांनी ते नातीच्या स्वाधीन केले, आणि आपण घेतले नसते तर या दोन्ही वाणांचा तेथेच शेवट झाला असता, या जाणिवेतून डायान आणि त्यांचे पती केंट व्हीली यांनी १९७५ साली मिसुरीत राहत असताना बियांच्या विनिमयासाठी एक मंडळी जमवली. तीच पुढे ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या नावाने प्रसिद्धीस आली, आणि आज आयोवातील डेकोरा या गावाजवळ सुमारे ८९० एकरांच्या शेतावर तिचा मुक्काम आहे. तिचे मुख्य साधन म्हणजे दरवर्षी निघणारी एक यादी. प्रत्येक सभासदाने आपल्याकडे कोणकोणते बी देण्याजोगे आहे, त्याचे वर्णन काय, ते कोणाकडून व कोठून आले, हे त्या यादीत नोंदवायचे. ज्याला हवे असेल त्याने टपालखर्चापुरते पैसे अथवा आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा पाठवायचा. आणि शक्य झाल्यास पुढच्या वर्षी ते वाण स्वतः वाढवून यादीत पुन्हा रुजू करायचे, एवढीच काय ती शर्त. अशा यादीतले टोमॅटोचे प्रकरण सर्वांत फुगलेले असते. हे केवळ टोमॅटोच्या लोकप्रियतेमुळे झाले असे समजणे बरोबर होणार नाही; टोमॅटोचे बी कोणालाही, फारशी खबरदारी न घेता, शुद्ध राखता येते हेही त्याचे तितकेच बलवत्तर कारण आहे.

टोमॅटोचे पिवळे फूल जवळून पाहिले, तर त्याच्या मध्यभागी पाच-सहा परागकोश एकमेकांना चिकटून झालेली एक निमुळती नळी दिसते. स्त्रीकेसर त्या नळीच्या आत दडलेला असतो. परागकोश आतल्या बाजूने फुटतात, वाऱ्याच्या झुळकेने किंवा फुलाला लटकून गुणगुणणाऱ्या एखाद्या भुंग्याच्या कंपनाने पराग खाली झडतो, आणि त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. बाहेरच्या परागाला आत शिरायला सहसा वावच मिळत नाही. ही व्यवस्था मूळची नाही. पेरू आणि इक्वेडोर या देशांत टोमॅटोच्या ज्या रानटी जाती आढळतात, त्यांतल्या अनेकींची कुक्षी नळीच्या बाहेर डोकावते आणि तिथल्या मधमाश्या एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. टोमॅटोच्या संशोधनाला ज्यांनी आपले आयुष्य वाहिले, त्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स रिक यांनी १९५० साली आपल्या निबंधात मायभूमीतला आणि परमुलखातला टोमॅटो यांच्या परागीभवनाची तुलना करून दाखवले की, मायभूमीत परपरागीभवन बरेच होते आणि परमुलखात ते अगदी थोडे होते. ओळखीच्या माश्या नसलेल्या मुलखांत ज्या झाडाचे फूल स्वतःच्याच परागावर फळ धरू शकले, त्याचेच बी माणसाच्या हाती अधिक लागले, आणि अशा रीतीने पिढ्यानुपिढ्यांच्या नकळत निवडीने कुक्षी आत आत सरकत गेली, असे यावरून मानतात. परसबागवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की, दहा प्रकारचे टोमॅटो त्याने शेजारी शेजारी लावले, तरी त्यांतले बहुतेक बी ज्याचे त्याचेच निघते.

बहुतेक म्हटले, सर्व नव्हे. आणि हा अपवाद मोठा मौजेचा आहे. ‘ब्रँडीवाइन’ नावाचा गुलाबी टोमॅटो अमेरिकेत चवीच्या बाबतीत सर्वांचा मेरुमणी मानला जातो. ओहायो राज्यातील बेन क्विझेनबेरी या वृद्ध बियाणेसंग्राहकाकडून तो विनिमयाच्या वर्तुळात आला. त्याचे पान इतर टोमॅटोंच्या पानासारखे कातरलेले नसून बटाट्याच्या पानासारखे सरळ कडेचे व रुंद असते, आणि अशा पानाच्या पुष्कळ वाणांची कुक्षी नळीच्या तोंडाशी येते अथवा किंचित बाहेर राहते, त्यामुळे त्यांत संकराचा धोका अधिक. पण निसर्गाने येथे धोक्याबरोबर त्याची परीक्षाही देऊन ठेवली आहे. बटाट्यासारखे पान हा अप्रभावी गुण आहे. म्हणजे आई आणि बाप दोघांकडून तो आल्यावाचून प्रकट होत नाही. तेव्हा ब्रँडीवाइनचे म्हणून आलेले बी पेरल्यावर वाफ्यात एखाद्या रोपाला कातरलेले पान फुटले, तर त्या बीजाचा बाप कोणी दुसरा आहे हे फळाची वाट न पाहता, पेरणीपासून महिन्याभरात, शेतीचे शास्त्र न शिकलेल्या माणसालाही ओळखता येते, आणि ते रोप उपटून टाकता येते. बियांच्या सगळ्या व्यवहारात देणाऱ्याच्या शब्दाची इतक्या लवकर आणि इतक्या बिनखर्चात खातरजमा होण्याचे प्रसंग विरळाच.

मिरचीचे फूल याच्या अगदी उलट स्वभावाचे. पांढरे, लहान, तोंड उघडे. परागकोश एकमेकांपासून सुटे आणि कुक्षी पुष्कळदा त्यांच्या वर निघालेली. मिरची स्वतःच्या परागावरही फळ धरते, त्यामुळे काही जुन्या पुस्तकांत तिची गणना निःशंकपणे स्वपरागी पिकांत केलेली आढळते. परंतु माश्या, मुंग्या आणि फुलकिडे यांना तिच्या फुलात मुक्तद्वार असल्यामुळे वाण, ऋतू आणि जागा यांप्रमाणे परपरागीभवनाचे प्रमाण दोन टक्क्यांपासून नव्वद टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते, असे निरनिराळ्या ठिकाणच्या प्रयोगांत दिसून आले आहे. भारतातील बीजप्रमाणीकरणाचे निकष पाहिले म्हणजे हा भेद आकड्यांत उतरलेला दिसतो: पायाभूत बियाण्यासाठी टोमॅटोच्या एका वाणापासून दुसरा वाण ५० मीटर दूर असला की चालतो, मिरचीला मात्र ४०० मीटर अंतर लागते, प्रमाणित बियाण्यासाठी हेच आकडे अनुक्रमे २५ आणि २०० होतात. ज्याचे सगळे परसच पंधरा मीटरांचे, आणि ज्याच्या कुंपणापलीकडे शेजाऱ्याने कोणती मिरची लावली आहे हे त्याच्या अखत्यारीतले नाही, त्याने चारशे मीटर आणावेत कोठून?

शिवाय येथे फसवणूक दृष्टीआड घडते. ढोबळी मिरचीजवळ तिखट मिरची लावली म्हणून यंदाची ढोबळी तिखट झाली, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, पण ती खरी नव्हे. फळाची भिंत, त्याचा आकार, रंग आणि तिखटपणा हे सगळे आईच्या झाडाचे असते. मिरचीचा तिखटपणा बियांत नसून बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतो, आणि तो गाभाही आईचाच. परक्या परागाचा अंश फक्त बियांच्या आतल्या गर्भात शिरतो. अर्थात फळ बाहेरून निर्दोष, चवीला नेहमीसारखे, आणि त्यातले बी मात्र भ्रष्ट, अशी स्थिती होते. देणारा शपथेवर सांगतो की, मी स्वतः खाऊन पाहिलेल्या गोड मिरचीचेच हे बी आहे, आणि तो खोटे बोलत नसतो. पुढच्या वर्षी घेणाऱ्याच्या परसात मात्र, तिखटपणा हा प्रभावी गुण असल्यामुळे, त्या बियांतून जिभेला झोंबणाऱ्या मिरच्या येतात. टोमॅटोच्या पानाने जी चुगली केली असती, ती करणारे चिन्ह मिरचीच्या रोपावर सहसा नसते.

यावर मिरचीप्रेमी मंडळींनी जे उपाय योजले आहेत, ते चिकाटीचे आहेत. कळी उमलण्यापूर्वीच फांदीला पातळ जाळीदार कापडाची पिशवी बांधायची, रोज सकाळी फांदी हलवून आतल्या आत पराग झडू द्यायचा, फळ धरले की पिशवी काढून त्या देठाला रंगीत दोरा बांधायचा, आणि बी धरायचे ते दोरा बांधलेल्या फळांचेच. कोणी पिशवीऐवजी उमलू पाहणाऱ्या कळीवर पांढऱ्या गोंदाचा थेंब लावतात. पाकळ्या चिकटून राहतात, फूल आतल्या आत फलित होते, आणि फळ वाढू लागले म्हणजे वाळलेल्या पाकळ्या आपोआप गळून पडतात. ज्यांना हाही खटाटोप नको, ते वेगवेगळ्या जातींची एकेकच मिरची लावतात. मिरचीच्या लागवडीखालील जाती पाच. आपल्या ज्वाला, ब्याडगी आणि ढोबळी या एकाच जातीत मोडतात, तर हबानेरोची जात निराळी, टबॅस्कोची निराळी. यांतल्या काही एकमेकींशी थोडाबहुत संकर पावतात, म्हणून हा उपाय पक्का नाही. पण अँडीज पर्वतातली काळ्या बियांची आणि जांभळ्या फुलांची रोकोटो मिरची मात्र इतरांशी संबंधच ठेवत नाही, आणि तिचे बी रंगावरूनच ओळखू येत असल्यामुळे तिच्या बाबतीत कोणाला फसवताही येत नाही.

पुडीवर वाणाच्या नावाबरोबर त्याची कुळकथा लिहिण्याची चाल या देवघेवीत पडली आहे, आणि बियांबरोबर या कथांचाही मोठा व्यापार चालतो. काही कथा दस्तऐवजाइतक्या भरवशाच्या आहेत. ‘जिमी नार्डेलो’ ही लांब, सुरकुतलेली, तळल्यावर मधुर लागणारी गोड मिरची इटलीतील बाझिलिकाता प्रांतातल्या रुओती गावाहून नार्डेलो दांपत्याने १८८७ साली कनेक्टिकट राज्यातील नॉगाटक येथे आणली, आणि त्यांच्या जिमी नावाच्या मुलाने १९८३ साली, मृत्यूपूर्वी, तिचे बी सीड सेव्हर्स एक्स्चेंजच्या स्वाधीन केले. ‘फिश पेपर’ची हकिकत याहून विलक्षण आहे. पानांवर आणि कोवळ्या फळांवर पांढरे पट्टे असणारी ही तिखट मिरची चेसापीक उपसागराच्या आसपासच्या कृष्णवर्णीय स्वयंपाक्यांच्या हाताखाली, मासे आणि कालवे यांच्या पांढऱ्या रश्शासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फार चालत असे; पुढे ती जवळजवळ नाहीशी झाली. पेनसिल्व्हेनियातील कृष्णवर्णीय चित्रकार होरेस पिपिन (१८८८–१९४६) यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात जायबंदी झाला होता, आणि मधमाशीच्या डंखाने त्याची वेदना शमते अशी त्यांची समजूत होती. तेव्हा त्यांनी मधमाश्या पाळणाऱ्या राल्फ वीव्हर यांच्याकडून डंख घ्यावेत आणि मोबदल्यात त्यांना जुन्या भाज्यांचे बी द्यावे, असा व्यवहार दोघांत चाले. वीव्हर यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी त्यांचे नातू, खाद्यसंस्कृतीचे इतिहासकार विल्यम वॉइस वीव्हर यांना, आजोबांच्या शीतपेटीत बियांच्या बरण्या सापडल्या. त्यांतली फिश पेपर उगवली, आणि १९९५ साली विनिमयाच्या यादीत दाखल झाली.

मिरचीचे बी एरवी दोन-तीन वर्षांत क्षीण होऊ लागते. ते इतकी वर्षे टिकले हा चमत्कार नव्हे. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी केला की त्यांचे आयुष्य अदमासे दुप्पट होते, आणि साठवणीच्या जागेचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरवले तरीही अदमासे दुप्पट होते, असा एक ठोकळ नियम आहे. कोरडेपणा आणि थंडी यांचा गुणाकार किती मोठा होतो, हे त्यावरून ताडावे.

काही कथा मात्र सावधपणे ऐकाव्यात. ‘चेरोकी पर्पल’ हा काळपट जांभळा टोमॅटो आज जगभर लावला जातो. १९९० साली टेनेसी राज्यातील एका गृहस्थाने उत्तर कॅरोलायनातील टोमॅटोसंग्राहक क्रेग लहूलियर यांना त्याचे निनावी बी पत्राबरोबर पाठवले, आणि शंभर वर्षांपूर्वी चेरोकी लोकांनी हे बी शेजारच्या कुटुंबाला दिले होते असे त्या पत्रात लिहिले. नाव ठेवले ते लहूलियर यांनी. टोमॅटो अप्रतिम आहे, पत्र खरे आहे. पण त्या पत्रापलीकडे जाऊन एका संपूर्ण आदिवासी समाजाच्या नावाने सांगितला जाणारा जो इतिहास पुढे सूचिपत्रांतून वाढत गेला, त्याला आधार त्या चार ओळींचाच. वेस्ट व्हर्जिनियात मोटारींचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या बाइल्स नावाच्या कारागिराने स्वतः संकर करून निपजवलेल्या टोमॅटोची रोपे डॉलरला एक या भावाने विकून सहा हजार डॉलरांचे गहाणकर्ज फेडले, आणि म्हणून त्या वाणाला ‘मॉर्गेज लिफ्टर’ हे नाव पडले, ही कथाही अशीच सर्वतोमुखी आहे. अशा गोष्टी बियांपेक्षा जोमाने रुजतात, आणि एकच टोमॅटो पाच नावांनी आणि पाच टोमॅटो एकाच नावाने फिरू लागतात. माझ्या मते पुडीवर पूर्वजांचे माहात्म्य थोडे कमी लिहिले तरी चालेल. बी कोणत्या वर्षी धरले, किती झाडांवरून धरले, जवळपास दुसरे कोणते वाण होते आणि फुलांना आच्छादन होते की नव्हते, या चार बाबी लिहिणारा माणूस मला वंशावळ लिहिणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो. ‘आच्छादन नव्हते’ असे स्पष्टपणे लिहून बी देणारेही असतात, आणि त्यांच्याकडून घेणारेही असतात; कारण जोखीम ठाऊक असली म्हणजे ती पत्करण्याची तजवीज करता येते.

बी धरण्याची कृती अवघड नाही. टोमॅटोच्या प्रत्येक बीभोवती जो बुळबुळीत थर असतो तो फळाच्या ओलाव्यात बी उगवू नये म्हणून असतो. म्हणून गर आणि बिया एका भांड्यात काढून दोन ते चार दिवस आंबत ठेवायच्या, वर बुरशीची साय धरली आणि भरीव बिया तळाशी बसल्या की पाणी घालून वरचे सारे ओतून द्यायचे, आणि स्वच्छ झालेल्या बिया काचेच्या अथवा चिनी मातीच्या थाळीत, सावलीत वाळवायच्या. कागदावर पसरल्या तर त्या कागदाला अशा चिकटतात की सोडवता सोडवत नाहीत. मिरचीला आंबवण्याची गरज नाही. पूर्ण रंगावर आलेले फळ फोडून बी मोकळे करावे आणि वाळवावे, मात्र तो हात तासभर तरी डोळ्यांजवळ नेऊ नये. टपालाने पाठवताना साध्या लिफाफ्यातले बी शिक्के मारणाऱ्या यंत्रात चिरडते, म्हणून फुग्यांच्या अस्तराचा लिफाफा वापरण्याची रूढी पडली आहे.

या देवघेवीने जुने राखण्यापलीकडे जाऊन नवे निर्माण करण्याचेही काम केले. कुंडीत मावेल एवढे झाड आणि तरीही मोठे, चवदार फळ असे टोमॅटो फार थोडे होते, हे पाहून २००५–०६च्या सुमारास उपरोक्त लहूलियर आणि ऑस्ट्रेलियातील पत्रीना नुस्के स्मॉल यांनी हौशी लोकांचा एक उद्योग आरंभला. ठेंगणे वाण आणि जुने चवदार वाण यांचे संकर ऑस्ट्रेलियात करायचे, त्यांतल्या बिया निरनिराळ्या देशांतल्या सहकाऱ्यांना वाटायच्या, आणि प्रत्येकाने आपल्या वाफ्यात जे चांगले निघेल त्याचे बी पुढे द्यायचे. ठेंगणेपणा हा अप्रभावी गुण असल्यामुळे दुसऱ्या पिढीत चारांत एकच रोप ठेंगणे निघते, पण त्याच्या जाड बुंध्यावरून आणि सुरकुतलेल्या पानांवरून ते कोवळेपणीच ओळखू येते. बाकीची तीन उपटून टाकायची. वाण स्थिर व्हायला सात-आठ पिढ्या लागतात. परंतु उत्तर गोलार्धात जेव्हा हिवाळा असतो तेव्हा दक्षिणेत उन्हाळा असतो, आणि बियांची पुडी विषुववृत्त ओलांडून गेली की वर्षात दोन पिढ्या निघतात. ज्या कामाला आठ वर्षे लागायची ते चार वर्षांत उरकते. या उद्योगातून आजवर शंभरावर वाण बाहेर पडले आहेत, आणि त्यांतला एकही पगारी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतला नाही.

सरकारी कायद्यांची नजर या व्यवहाराकडे उशिरा वळली. २०१४ साली पेनसिल्व्हेनियातील मेकॅनिक्सबर्ग येथील एका सार्वजनिक ग्रंथालयाने वाचकांनी बी न्यावे, पेरावे आणि हंगामाअखेर परत आणावे अशी सोय केली, तेव्हा राज्याच्या कृषिखात्याने बियाणे कायद्यातील चाचणी व पट्ट्यांचे नियम त्यांना लागू होतात असे कळवले. दोन वर्षांनी खात्यानेच खुलासा करून हा विनामूल्य विनिमय त्या नियमांतून मोकळा केला. याहून खरी अडचण रोगांची आहे. इस्रायल आणि जॉर्डन येथे २०१४–१५ मध्ये प्रथम आढळलेला, टोमॅटो व मिरची या दोहोंना ग्रासणारा आणि फळांवर तपकिरी सुरकुत्या पाडणारा एक विषाणू बियांच्या कवचावर बसून देशोदेशी जातो, आणि घरगुती आंबवणीने तो खात्रीने नष्ट होत नाही. म्हणून २०१९पासून युरोपात आणि अमेरिकेत या पिकांच्या बियांच्या आयातीवर तपासणीची बंधने आली. सीमेपलीकडून नातलगाने पत्रात घालून पाठवलेली पुडी कितीही निष्पाप असली, तरी भारतातही परदेशी बियांना आयात-परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो. देशाच्या आतल्या विनिमयाला मात्र आपला कायदा उदार आहे: २००१च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाच्या ३९व्या कलमाप्रमाणे संरक्षित वाणाचेही बी शेतकऱ्याला राखता, पुन्हा पेरता, वाटता, बदलता आणि विकताही येते, फक्त ब्रँडच्या नावाने ते विकता येत नाही.

आपल्याकडे ही वहिवाट बायकांच्या हाती राहिली. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियांचा जो संग्रह केला आणि ज्याबद्दल त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तो अशाच घरोघरच्या, राखेत घोळून मडक्यात ठेवलेल्या बियांतून उभा राहिला. आणि येथे मिरचीचा तो चारशे मीटरांचा प्रश्न निराळाच रंग घेतो. दक्षिण गोव्यातील काणकोण तालुक्यात खोला गावाच्या परिसरात डोंगरउतारांवर पावसाळ्यात जी मिरची होते, आणि जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे बी पिढ्यानुपिढ्या घरचे धरलेले. त्यासाठी कोणी फांदीला कापडाची पिशवी बांधली नाही की कळीला गोंद लावला नाही. त्याची आवश्यकताच नव्हती. साऱ्या डोंगरावर एकच मिरची असली, तर माशीने एका झाडाचा पराग कोणत्याही दुसऱ्या झाडावर नेला तरी तो त्याच वाणाचा पराग असतो, आणि एकमेकींना बी देणाऱ्या शेजारणींची झाडे जितकी जवळ तितके बरेच. पिशव्यांचा आणि दोऱ्यांचा सारा खटाटोप एकाच परसात चाळीस मुलखांच्या मिरच्या गोळा करणाऱ्या संग्राहकाने आपल्या हौसेपायी ओढवून घेतला आहे. पुण्यामुंबईच्या गच्च्यांवर आता कुंडीशेजारी कुंडी लावून खोल्याची, भिवापूरची, ब्याडगीची आणि परदेशची मिरची एकत्र नांदू लागली आहे. तेथून आलेली पुडी हाती पडली, तर गच्चीच्या मालकाला प्रथम विचारावे ते हे की, त्याच्याकडे दुसऱ्या कुंड्यांत काय होते.